नट आवळला म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला?

मोहोळ तालुक्यात मोटारसायकलला बैलगाडीचीही कामं करावी लागतात. पहाटे डेअरीला दुधाचे कॅन, दुपारी खताचं पोतं, संध्याकाळी तिघं जण, आणि उसाच्या हंगामात शेतापासून कारखान्याच्या रस्त्यापर्यंत चिखल नाहीतर फुफाटा. यातल्या बहुतेक गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या आहेत आणि त्यांच्या मागच्या चाकात ड्रम ब्रेक असतो. पेडल खोल जायला लागलं की मालक खाली वाकतो, ब्रेक रॉडचा नट दोन-चार फेरे आवळतो आणि गाडी काढतो. ब्रेक लागतोही. पण घरच्या दुरुस्तीत सर्वांत फसवी गोष्ट हीच आहे. नट आवळल्याने पेडल वर येतं, झिजलेला लायनर भरून येत नाही. उलट झीज जास्त काळ लपून राहते. म्हणून पान्याला हात घालण्याआधी ब्रेक काय सांगतोय हे वाचता आलं पाहिजे, आणि ते घरच्या घरी, फारशी हत्यारं नसताना जमतं.

ड्रमच्या आत लायनर चढवलेले दोन अर्धगोल ब्रेक शू असतात. त्यांचं एक टोक खिळ्यावर टेकलेलं, तर दुसऱ्या टोकांच्या मधे चपटा कॅम. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, बाहेरचा लिव्हर फिरतो, कॅम तिरपा होतो आणि शू फाकून ड्रमला घासतात. यात एक गंमत आहे. एका शूला फिरता ड्रम स्वतःच आणखी आत खेचून घेतो, त्यामुळे पायाच्या थोड्या जोरावर भरलेली गाडी थांबते. दुसऱ्या शूला ही मदत मिळत नाही. म्हणूनच चाक उघडल्यावर एक शू जास्त आणि दुसरा कमी झिजलेला दिसला तर घाबरण्याचं कारण नाही.

आता नटाकडे येऊ. लायनर नवा असताना पेडल पूर्ण दाबलं, तर रॉड आणि लिव्हर यांच्यात साधारण काटकोन होतो आणि पायाचा जोर पुरेपूर कॅमवर पडतो. लायनर झिजतो तसा लिव्हर पुढे पुढे जातो, कोन वाढतो, आणि तितकाच पाय दाबूनही कॅम कमी जोराने फिरतो. नट आवळून मोकळी चाल कमी होते, हा कोन सुधारत नाही. कंपन्यांनी याची खूण गाडीवरच दिलेली असते. लिव्हरच्या बुडाशी एक बाण आणि ब्रेक प्लेटवर एक त्रिकोण. पेडल पूर्ण दाबून धरल्यावर बाण त्रिकोणाला भिडला, तर शू संपले. खूण पाहायला एक जण पेडलवर आणि दुसरा चाकाशी एवढंच मनुष्यबळ लागतं. काही जण त्यावरही तोड काढतात. लिव्हर काढून कॅमच्या दात्यांवर एक दात मागे बसवतात. पेडल मस्त होतं, पण बाण खोटं बोलायला लागतो. वर जास्त फिरलेला कॅम उभा राहून तिथेच अडकू शकतो, आणि मग ब्रेक लागतो तो सुटतच नाही. ही युक्ती सरळ धोक्याची आहे.

प्रत्येक तक्रार झिजेची नसते, हेही खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीचा ब्रेक काही वेळ लागतच नाही, कारण शू आणि ड्रम यांच्यात पाण्याचा थर असतो. हळू चालवत पेडल हलकं दाबत राहिलं की तो सुकतो. गाळ मात्र सुकून आतच बसतो आणि लायनरबरोबर ड्रमही खरवडतो. ब्रेक दाबला की चीं चीं आवाज येत असेल तर लायनर काचेसारखा गुळगुळीत झालेला असू शकतो. पॉलिश पेपरने तो खरखरीत करता येतो. पेडल सोडल्यावर सावकाश वर येत असेल, चाक हाताने जड फिरत असेल, हब तापत असेल, तर बहुधा कॅमचा दांडा गंजलेला किंवा कोरडा आहे. इथे नट आवळणारा माणूस रोग वाढवतो. लायनरवर ग्रीस पोहोचलं असेल, तर शू बदलण्याआधी बेअरिंगचं सील तपासायला हवं, नाहीतर नवे शूही तसेच भिजतील.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की खरा ब्रेक पुढचा. मागच्याचं एवढं काय? डांबरी रस्त्यावर एकट्या स्वाराच्या बाबतीत हे बरोबर आहे. ब्रेक लागताच भार पुढे सरकतो आणि पुढचं चाक जास्त काम करतं. पण मागे दोन्ही बाजूंना ४० लिटरचे कॅन लटकले, तर नुसत्या दुधाचंच वजन ८० किलोच्या वर जातं. तेवढा भार मागच्या चाकावर असताना त्याची पकड वाढते आणि त्याच्या ब्रेकचा वाटाही. पाणंदीच्या ओल्या काळ्या मातीत तर पुढचा ब्रेक जोरात दाबणं म्हणजे पडणंच. शिवाय १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून कॉम्बी ब्रेक तरी हवा किंवा एबीएस. कॉम्बी ब्रेकच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तेव्हा मागचा ढिला असेल तर त्या जुळणीचाच हिशेब चुकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ब्रेकशी जिवाचा प्रश्न असतो, तो मेकॅनिककडेच द्यावा. पण हंगामात दुकानात गर्दी असते तेव्हा तिथेही पुष्कळदा नटच आवळून मिळतो. आत पाहिलेल्या मालकाला निदान काय मागायचं ते कळतं. डबल स्टँडवर गाडी, रॉडचा नट मोकळा, टॉर्क रॉडची पिन आणि नट काढलेला, मग एक्सल. काही गाड्यांत चेन न काढताच चाक हातात येतं. आतली काळी भुकटी फुंकून किंवा हवा मारून काढू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला कर्करोगापर्यंत नेतो. ओल्या फडक्याने पुसावी. नवा लायनर साधारण ४ मिलिमीटर जाड असतो, २ वर आला की बदलायचा. शू जोडीनेच घ्यावेत. कॅमच्या दांड्याला ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं, लायनरला अजिबात नाही.

परत जोडताना एका जागी चूक चालत नाही, ती म्हणजे टॉर्क रॉड. ब्रेक प्लेटला चाकाबरोबर फिरू न देणारा तोच. तो सुटला, तर ब्रेक दाबताक्षणी प्लेट फिरते, ब्रेक रॉड गुंडाळला जातो आणि चाक जाम होतं. म्हणून तिथली स्प्लिट पिन जुनी वाकवून वापरू नये, नवी घालावी. आधी चेनचा ताण जुळवायचा, मगच ब्रेक. कारण चेनसाठी चाक मागे सरकलं की ब्रेक रॉड आपोआप ताणला जातो आणि शू घासत राहतात. स्प्लेंडरसारख्या गाडीला पेडलची मोकळी चाल २० ते ३० मिलिमीटर ठेवतात. ब्रेक रॉडच्या नटाच्या तोंडावरची अर्धगोल खाच गोल पिनवर नीट बसली पाहिजे. अर्धवट राहिली तर पहिल्याच खड्ड्यात ती घसरून बसते आणि केलेली जुळणी जाते. शेवटी ब्रेक लाइटच्या स्विचची स्प्रिंग पाहावी.

हे सगळं ड्रम शाबूत असेल तर. १३० मिलिमीटरच्या ड्रमची कमाल मर्यादा १३१ असते, आणि हबच्या आत ती बहुधा कोरलेली असते. ड्रम त्यापुढे गेला असेल किंवा आत नखाला लागतील इतक्या खोल रेघा असतील, तर नवे शू घालून उपयोग नाही. नवा हब घालून स्पोक पुन्हा ताणणं हे घरच्या पान्यांचं काम नव्हे. तेव्हा चाक तसंच उचलून दुकानात न्यावं.