साडेदहाच्या मालिकेमागची बाई

मैत्रिणींनो, खरं सांगते, 'क्यूंकि सास भी कभी बहू थी' मी नावं ठेवत ठेवतच पाहिली. ३ जुलै २००० ला ती 'स्टार प्लस'वर सुरू झाली. रात्री साडेदहाची वेळ. ओटा आवरून, दुधाला विरजण लावून आम्ही सासू-सून टीव्हीसमोर बसायचो. ऐन वेळी लाइट गेले की सासूबाई हळहळायच्या. मी म्हणायचे, "बरं झालं! भरजरी साडी नेसून कोण हो झोपतं?"

ही मालिका बनवणाऱ्या बाईकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. १९९४ मध्ये आई-वडिलांच्या साथीनं 'बालाजी टेलिफिल्म्स' उभी राहिली, तेव्हा एकता कपूर जेमतेम १९ वर्षांची होती. जितेंद्रची मुलगी म्हणून दारं उघडली असतील, ते नाकारायचं कशाला? पण आत गेल्यावर टिकायचं ते स्वतःच्याच बळावर. १९९५ मध्ये 'झी'वर 'हम पाँच' आली आणि घराघरांत पोचली. आपले अशोक सराफ त्यात पाच मुलींचे बाबा, आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी पहिली बायको आपली प्रिया तेंडुलकर!

रोजची मालिका म्हणजे रोजचा स्वयंपाकच. कालचं काल संपलं, आज पुन्हा चूल पेटवायची. २००८ पर्यंत 'क्यूंकि'चे १८०० हून जास्त भाग झाले. एकता गोष्टी बघायची, आई शोभा कपूर व्यवहार सांभाळायच्या. २००० मध्येच कंपनीचे शेअर बाजारात आले. २०२० मध्ये एकताला पद्मश्री मिळाली.

माझी तक्रार मात्र अजून आहे. स्वतः एवढी कंपनी चालवणाऱ्या बाईनं पडद्यावरच्या सुनांना उंबऱ्याच्या आत का ठेवलं?

जुलै २०२५ मध्ये 'क्यूंकि' पुन्हा सुरू झाली. आता सासूच्या खुर्चीत मी! एका रात्री सूनबाई म्हणाली, "आई, मसाल्यांचा धंदा सुरू करू म्हणते. हिशेब तुम्ही बघाल?"

"घरात काय कमी आहे गं?" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मालिकेतल्या सासूचंच वाक्य! जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी मिरच्यांचा भाव विचारून आले आणि वहीचं पहिलं पान लिहिलं. मागच्या महिन्यात खर्च वजा जाता पहिल्यांदाच चार पैसे उरले. ते सूनबाईच्या नावानं बँकेत टाकलेत.