कळतं, पण वळत नाही : व्यसन आणि इच्छाशक्ती

मागच्या व्याख्यानात आपण इच्छास्वातंत्र्याविषयी बोललो. त्यातूनच एक प्रश्न निघतो. दारूने घर बुडतंय हे ठाऊक असूनही माणूस पितो. मग तो स्वतंत्र आहे की नाही?

मराठीत याला चार शब्द पुरतात : कळतं, पण वळत नाही. सॉक्रेटिसला हे मान्य नव्हतं. खरोखर कळलं असेल तर वळणारच, असं तो म्हणे. अ‍ॅरिस्टॉटलने यावर दारू प्यालेल्या माणसाचाच दाखला दिला. तो एम्पेडोक्लिसच्या ओळी घडाघडा म्हणेल, पण त्या क्षणी त्यांचा अर्थ त्याच्या मनात जागा नसतो. ज्ञान आहे, पण उपयोगाला येत नाही.

असं का होतं? चांगलं जेवण, कौतुक, माया यांनी मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन स्रवतं आणि 'हे पुन्हा कर' असा धडा मेंदू शिकतो. दारू किंवा ब्राउन शुगर हाच धडा फार जोरात गिरवून घेते. पुढे तेवढ्याच नशेला जास्त मात्रा लागते. मग सकाळी हात थरथरतात, म्हणून प्यावं लागतं. सुखासाठी सुरू झालेलं पिणं त्रास टाळण्यासाठी चालू राहतं. शिवाय मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग दुबळा होतो. म्हणजे बघा, 'मनावर घे ना' असं आपण ज्या मनाला सांगतो, तेच मन आजारी असतं.

पण सगळं मेंदूवर ढकलूनही चालणार नाही. व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर त्यांतले बहुतेक जण पुन्हा त्या विळख्यात सापडले नाहीत. जागा बदलली, सोबत बदलली, भीती संपली. आनुवंशिकता, लहानपणचे आघात, नैराश्य ही कारणं आहेतच, पण परिस्थितीही तितकीच मोठी आहे.

म्हणून उपचारही दोन्ही बाजूंनी लागतात. एक सांगतो, हे नीट लक्षात ठेवा : रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट्स येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. त्यानंतर समुपदेशन, गरजेप्रमाणे औषधं आणि माणसांची सोबत. पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण असो, की १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेलं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दोन्हीकडे सोबतीला मोठं स्थान आहे. ए.ए.ची पहिली पायरी 'दारूपुढे मी हतबल आहे' ही कबुली. गंमत अशी, की एकट्याच्या बळाचा हट्ट सुटला की बळ यायला लागतं.

मग दोष कुणाचा? इथे दोष आणि जबाबदारी वेगळी करू. मधुमेह झाला हा रोग्याचा दोष नाही, पण पथ्य त्यालाच पाळावं लागतं. तसंच हे. त्याची उधारी गुपचूप फेडू नका, ऑफिसात त्याच्यासाठी खोटं बोलू नका. पण तो पुन्हा घसरला, तर 'तू सुधारणार नाहीस' असंही म्हणू नका. घसरणं हा या आजाराचा भागच आहे. 'उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो बरोबर' एवढं म्हणा. त्याची इच्छाशक्ती उभी राहीपर्यंत थोडी आपली उसनी द्यायची.