मैदानापलीकडे – लेखांक ७ : चंदू बोर्डे, खेळाडू ते मॅनेजर

वाघोलीत नगर रस्त्यालगत सुट्टीच्या सकाळी नेटबाहेर पालक उभे असतात. खेळणं संपल्यावर मुलाचं पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात असतोच. त्याचं एक उत्तर आपल्याच पुण्यात आहे : भारताचे माजी कसोटीपटू चंदू बोर्डे.

आधी मॅनेजर म्हणजे नेमकं कोण, ते पाहू. बेसबॉलमध्ये मॅनेजर संघाचाच गणवेश घालून बसतो, फलंदाजीचा क्रम लावतो, पिचर कधी बदलायचा तेही ठरवतो. तिथले जो टोरे आधी उत्तम फलंदाज होते. पुढे मॅनेजर म्हणून त्यांनी न्यूयॉर्क यांकीजला चार वर्ल्ड सीरिज जिंकून दिल्या. क्रिकेटमध्ये हे निर्णय कर्णधाराचे. आपल्याकडे मॅनेजरने प्रवास, सराव, पत्रकार, मंडळाशी पत्रव्यवहार सांभाळायचा आणि ड्रेसिंग रूममध्ये वडीलधारं माणूस म्हणून असायचं, अशी पद्धत होती. हुकूम चालवता येत नाही, म्हणून शब्दाला वजन लागतं.

बोर्ड्यांनी ते वजन खेळून कमावलं. ५५ कसोटी, ३०६१ धावा, ५ शतकं, ५२ बळी. १९५९ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजच्या तेज माऱ्यासमोर पहिल्या डावात १०९. दुसऱ्या डावात ९६ वर असताना बॅट यष्टींना लागली आणि दुसरं शतक चार धावांनी हुकलं. १९६४ मध्ये ब्रेबर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटपर्यंत उभं राहून त्यांनी दोन गडी राखून सामना जिंकून दिला. पुढे खांदा दुखावला आणि लेगस्पिन सुटली. कर्णधारपद मिळालं ते एकाच कसोटीत, १९६७ मध्ये ॲडलेडला नेहमीचे कर्णधार पतौडी जायबंदी असताना, आणि ती आपण हरलो.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमची खेळपट्टी सांभाळली. मला त्यांच्या कारकिर्दीतलं हे काम फार महत्त्वाचं वाटतं. पद्मश्री मिळालेला माणूस माती, पाणी, रोलर यांत रमला. त्याच काळात निवड समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. १९८९ च्या पाकिस्तान दौऱ्यावर ते मॅनेजर होते, आणि सोळा वर्षांचा सचिन त्याच दौऱ्यात पहिली कसोटी खेळला.

खरी कसोटी २००७ ची. विश्वचषकात पहिल्याच फेरीत गारद झालेला संघ, प्रशिक्षक ग्रेग चॅपेल पद सोडून गेलेले, ग्रॅहम फोर्ड यांनी प्रशिक्षकपद नाकारलेलं. मंडळाने इंग्लंड दौऱ्यासाठी मॅनेजर म्हणून बोर्ड्यांना बोलावलं. लॉर्ड्स कसोटीच्या तिसऱ्या दिवशी, २१ जुलैला, त्यांना ७३ वर्षं पूर्ण झाली. वयावरून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. गोलंदाजीला व्यंकटेश प्रसाद, क्षेत्ररक्षणाला रॉबिन सिंग, निर्णय राहुल द्रविडचे. लॉर्ड्सवर शेवटच्या जोडीने आणि पावसाने वाचवलं. ट्रेंट ब्रिजला झहीरने ९ बळी घेतले आणि सामना सात गड्यांनी आपला झाला. ओव्हलवर कुंबळेचं कसोटीतलं एकमेव शतक झालं. १९८६ नंतर पहिल्यांदाच इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, १-०. पुढची एकदिवसीय मालिका ४-३ अशी गेली, हेही नोंदवायला हवं.

या विजयाचं श्रेय द्रविड आणि झहीरचं, यात वाद नाही. पण चॅपेल यांच्या काळातल्या भांडणांनी पोळलेल्या त्या संघाला तेव्हा आणखी एक हुकूम देणारा नको होता. हे ओळखून कर्णधाराला मोकळं सोडणं, हेही मॅनेजरचं काम असतं, आणि बोर्ड्यांनी ते केलं असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या आठवड्यात अजित वाडेकर : १९७१ चे कर्णधार आणि नव्वदच्या दशकातले क्रिकेट मॅनेजर.