दुखऱ्या गुडघ्याला चालतं ठेवा

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण रोहित पक्ष्यांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. संधिवाताच्या डॉक्टरांना मात्र ते वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली तिथे घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. तेव्हा ‘आमच्या आजीला कुठे होती गुडघेदुखी?’ हा प्रश्न जरा जपूनच विचारावा. बहुतेक होती, ती रात्री तेल चोळून झोपायची आणि सकाळी कामाला लागायची, एवढंच.

आज पन्नाशीनंतर गुडघा कुरकुरायला लागला की पहिला सल्ला मिळतो, ‘आता फार चालू नका.’ काळजीपोटी दिलेला हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. कूर्चेला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, पाऊल उचललं की फुगते आणि भांडी घासायच्या स्पंजसारखा तो द्रव पुन्हा आत ओढून घेते. पाय हललाच नाही तर हे सगळं मंदावतं. धावण्याने गुडघे झिजतात ही समजूतही फारशी टिकलेली नाही. २०१७ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांमध्ये खुब्याचा आणि गुडघ्याचा संधिवात बैठं आयुष्य काढणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं पळणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि खेळताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्यांची तर अजूनच वेगळी. अशा दुखापतीनंतर पुढे संधिवाताचा धोका बराच वाढतो, म्हणून फिजिओथेरपी अर्धवट सोडू नये.

विश्रांतीचं खरं नुकसान मांडीत होतं. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू गुडघ्यावर येणारा बराच भार पेलतो. दुखतं म्हणून चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की हा स्नायू रोडावतो, मग भार थेट सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. मधल्या काळात वजनही चढलेलं असतं. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो कुणी मनावर घेत नाही. पाय सरळ पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाच आकडे मोजून सोडा. पुढची पायरी म्हणजे हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं आणि सावकाश बसणं. सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सूज आली नाही, तर तेवढं चालवून घ्यावं.

आता वजनाकडे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांचं वजन दहा वर्षांत साधारण ५ किलोंनी उतरलं, त्यांच्यात गुडघ्याच्या त्रासदायक संधिवाताचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. पुढे २००५ साली आणखी एक हिशेब मांडला गेला: जाड आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाचं वजन १ किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोंनी हलका होतो. डिंकाच्या लाडवांबद्दल बोलायचं ते इथेच. डिंक पोटातून गुडघ्यात जाऊन बसत नाही. तूप, गूळ आणि खोबरं मात्र कमरेवर नक्की बसतं. लाडू चवीसाठी खावा, औषध म्हणून नाही.

मांडी घालून बसावं की नाही, हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा वाद. दुखत नसेल तर खुशाल बसावं. जमिनीवरून उठता येणं हीच मोठी कमाई आहे. तासन् तास उकिडवं बसून खुरपणी करणं किंवा फरशा बसवणं मात्र गुडघ्यांना महागात पडतं. अशा कामात मधूनमधून उठून पाय मोकळे करावेत. गुडघा दुखत असेल तर जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बरेच लोक ती त्याच बाजूला धरतात.

गुडघेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एकंदरीत त्यांचा परिणाम खोट्या गोळीपेक्षा फारसा सरस ठरला नाही. गोळ्यांचा खर्च निदान पैशांपुरताच असतो. कागदात बांधून मिळणाऱ्या नावगाव नसलेल्या पुड्या त्याहून वाईट, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. दोन दिवसांत चमत्कार वाटतो तो त्याचाच.

सगळं करून भागलंच नाही तर शस्त्रक्रिया आहे, आणि तिची एवढी धास्ती नको. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईतच बदलले गेले, एक २००० साली आणि दुसरा २००१ साली. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादाही घातली.

एक गोष्ट मात्र वरच्या कशातच बसत नाही. बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सुजत असतील आणि सकाळी तासभर मूठ वळत नसेल, तर ती वयाची झीज नव्हे. तो आमवात असू शकतो. तो तिशी-चाळिशीतही होतो आणि धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो. त्यावर चांगली औषधं आहेत, पण ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तरच सांधे वाचण्याची शक्यता सर्वात जास्त असते. अशी सूज सहा आठवडे टिकली असेल, तर तेल चोळत बसू नका. संधिवाततज्ज्ञाची वेळ घ्या.