कासव बुडतं कसं?

समुद्री कासव पाण्यातच राहतं, ते बुडून मरेल कशाला, असं किनाऱ्यावरच्या माणसांनाही वाटतं. पण कासवाला कल्ले नसतात. त्याला फुप्फुसं असतात आणि श्वासासाठी वर यावंच लागतं. ट्रॉलरचं जाळं बराच वेळ पाण्याखाली ओढत नेलं जातं. त्यात अडकलेलं कासव धडपडतं, धडपडीत साठवलेला प्राणवायू झपाट्याने संपतो आणि ते गुदमरतं.

जाळ्यातून निपचित निघालेलं कासव मेलेलंच असणार, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. अनेकदा ते नुसतं बेशुद्ध असतं. तसंच समुद्रात टाकलं तर मात्र खरोखर बुडतं. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू थोडी उंच करावी, म्हणजे फुप्फुसांतलं पाणी उतरतं. सावलीत ओल्या फडक्याने झाकावं, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. शुद्धीवर यायला कित्येक तास लागू शकतात. तांडेलांनो, तेवढी वाट जरूर पाहा.

कासवासाठी जाळं कापलं तर नुकसान आपल्याच माथी, असंही नाही. संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने 2018 मध्ये आणली.

अंडी राखली म्हणजे कासव वाचलं, हेही अपुरं. वेळास गावात 2002 पासून ग्रामस्थ आणि सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने घरटी जपली, ते काम मोलाचंच आहे. पण ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात आणि हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं, असा अंदाज आहे. म्हणजे जाळ्यात एक मादी मेली की दहा घरट्यांची राखण वाया गेली.

शिवाय ही कासवं एका किनाऱ्याची नसतात. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची वेगळी, असं मानलं जायचं. 2021 मध्ये ओडिशात खूणचिठ्ठी लावलेली मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली!

जाळ्यात कासवासाठी वाट ठेवली तर मासळीही निसटेल, ही भीती बरीच अवाजवी आहे. जाळीदार चौकटीतून कोळंबी मागच्या पिशवीत जाते, कासव गजांना अडून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांसाठी असं साधन तयार केलं आहे. ते सर्रास वापरात नव्हतं म्हणून अमेरिकेने 2019 मध्ये भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. निसटणाऱ्या थोड्या मासळीपेक्षा हा तोटा कितीतरी मोठा आहे.