वस्तऱ्याच्या पारदर्शक मुठीसाठी कोणतं प्लास्टिक?

वस्तऱ्याला काचेसारखी मूठ हवी असेल तर माझं मत कास्ट ॲक्रिलिकलाच. जुन्या वस्तऱ्यांवर सेल्युलॉइड शोभायचं खरं, पण कालांतराने ते विघटित होतं, त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि मिटलेलं पातं आतल्या आत गंजतं. पात्याचा वैरी त्याच्याच घरात! पॉलिकार्बोनेट जास्त चिवट, असं कुणी म्हणेल. आहेच, पण त्यावर ओरखडे पटकन उठतात, उन्हात ते पिवळं पडतं आणि घासून पुन्हा झळाळी आणणं जिकिरीचं. ॲक्रिलिक ठिसूळ, हे मान्य. मात्र तडा बहुधा रिव्हेटच्या भोकापाशीच जातो. तेव्हा ड्रिल सावकाश चालवावं, रिव्हेट हलक्या हाताने ठोकावी. एक्स्ट्रुडेड शीट स्वस्त, पण ड्रिलच्या उष्णतेने लवकर मऊ होऊन चिकटते. आणि हो, आफ्टरशेव्ह मुठीला लागू देऊ नका: अल्कोहोलने ताणाच्या जागी बारीक भेगा पडतात.