राजमाची आणि ताराबाईंच्या पक्षाची चिवट झुंज

मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटलेल्या शाहूंनी मराठ्यांच्या गादीवर हक्क सांगितला आणि तोवर राज्य चालवणाऱ्या त्यांच्या काकू ताराबाईंशी यादवी पेटली. १२ ऑक्टोबर १७०७ च्या खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले, पाठोपाठ साताराही गेला. ताराबाईंचे पारडे हलके झाले, तरी झगडा १७३१ पर्यंत लांबला.

मैदानात बळ कमी, म्हणून ताराबाईंची भिस्त किल्ल्यांवर आणि सरदारांवर होती. राजधानी पन्हाळ्याकडे हलली. कोकणात कान्होजी आंग्रे पाठीशी होते. १७१३ मध्ये त्यांनी घाट चढून लोहगड आणि राजमाची घेतले. त्यांच्यावर चालून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले.

राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत, पायथ्याच्या माचीवर उधेवाडी. कर्जतकडची वाट कोंढाणे लेण्यांवरून चढते. खोपोलीजवळचा बोरघाटही याच पट्ट्यात. किल्ला ज्याच्या हाती, त्याचा घाटवाटांवर वचक.

शाहूंचे नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी लढण्याऐवजी बोलणी केली. १७१४ च्या तहाने कान्होजी सरखेलपद (आरमारप्रमुखपद) घेऊन शाहूंकडे आले. राजमाची त्यांच्याकडेच राहिली. त्याच वर्षी ताराबाईंच्या सवत राजसबाईंनी ताराबाईंना कैदेत टाकून आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले.

तरी हा पक्ष, म्हणजे आता संभाजीचे कोल्हापूरकर, नमला नाही. त्यांनी दख्खनच्या निजामाची मदत घेतली; १७२८ मध्ये पालखेडला निजाम हरला आणि तो आधार तुटला. १७३१ च्या वारणेच्या तहाने युद्ध संपले. दुबळ्या पक्षाला सातारा मिळाला नाही, पण कोल्हापूरचे स्वतंत्र राज्य टिकले.